रणातला मिस्ड कॉल

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. सुट्टी मिळाली की व्हॅनमध्येच गाद्या-शेगडी मांडून निघतात, तेही जिथे माणूस दिसत नाही अशा मुलखात. गाडी बाईच चालवतात. निघताना चारही चाकांना चपलेने एकेक लाथ मारतात, बैलाला थोपटावं तसं बॉनेट थोपटतात आणि काहीही विचारा, म्हणतात, "होतंय काका, होतंय."

मी चौथी शिकलेला, पण तोंडावर सांगितलं, "अहो, त्या ओसाडात मरायला जाता काय?"

"रोज दिवेलागणीला मिस्ड कॉल देईन. वाजला की समजा, खुशाल आहोत. उचलायचा मात्र नाही."

गेल्या खेपेला कच्छच्या रणात गेल्या आणि दोन दिवस फोन वाजलाच नाही. बायकोला म्हटलं, "मला काय त्याचं!" पण फोन खिशात ठेवूनच जेवायला बसलो. तिसऱ्या दिवशीही दिवे लागून गेले. मनात नको नको ते यायला लागलं. तेवढ्यात वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"काका, मिस्ड कॉल उचलतात का कोणी?" त्या हसत होत्या. मागे वारा घोंघावत होता. "वरून कोरडं दिसलं, खाली चिखल. गाडी रुतली होती, तिथे रेंजही नव्हती. निघाली आता."

"चुकून दाबलं गेलं," मी म्हटलं.

"बरं, ठेवू मग?"

"थांबा. यजमानांना द्या जरा, त्यांचाही आवाज ऐकू दे."