फलकावरचे नववे नाव

माझे चुलते मारुतीनाना मलकापूरच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी साडेसात वाजता वारले. त्याला आता पाच आठवडे झाले. वय बहात्तर. काम मजुरी. एकाहत्तरच्या लढाईत ते सैन्यात होते; पण तसे सांगणारा एकही कागद त्यांच्या नावाचा नाही.

भरती निघाली तेव्हा नाना सोळाचे होते आणि शाळेत कधी गेले नव्हते. माझे वडील, दत्तात्रय, म्हणजे आमचे आबा, त्यांच्याहून दोन वर्षांनी थोरले, सातवी झालेले. आबांनी आपला शाळेचा दाखला धाकट्याला दिला आणि नाना दत्तात्रय म्हणून रांगेत उभे राहिले. लढाईत त्यांची तुकडी रस्ते आणि पूल बांधायची. पुढे आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा सैन्यातून नाव कमी करून घेऊन ते परतले. त्यानंतर आयुष्यभर विहिरी खोदल्या, ऊस तोडला, ट्रॉल्या भरल्या. ग्रामपंचायतीसमोर माजी सैनिकांचा फलक लागला तो साताऱ्याच्या सैनिक कचेरीतल्या यादीवरून. त्यात नववे नाव दत्तात्रय. आबा कधी नोकरीलाच गेले नव्हते.

झेंडावंदनाहून परतताना आबा नानांना म्हणायचे, "माझं नाव फुकट मिरवतंय रं तिथं. चल साताऱ्याला, खरं सांगू. मी सही करतो."

"आन खोटं नाव सांगितलं म्हणून दोघास्नी आत घातलं तर? जनावरास्नी वैरण कोण घालणार, वैनी?"

"आता तरी कोण घालतंय? तीच की!"

दोघे हसायचे आणि विषय संपायचा.

सहा वर्षांपूर्वी आबा गेले. आमच्या भागात माजी सैनिक वारला की संघटनेचे लोक टोपी घालून येतात, नाव पुकारतात, सलामी देतात. ते आले. यादीतले नाव पुकारले, "दत्तात्रय…" मी पुढे निघालो. नानांनी माझे मनगट धरले. "गप ऱ्हा. सरणाम्होरं नगं." मग पाय जुळवून तेही ताठ उभे राहिले, सलामी संपेपर्यंत.

तेराव्यानंतर ते स्वतःहून म्हणाले, "बाळू, माझं नाव लागंल का रं? दुसरं काय नगं. माझ्या वक्ताला माझं नाव पुकारू दे."

साताऱ्याच्या कचेरीत आम्ही तीन खेपा घातल्या. कारकून भला होता. म्हणाला, "आजोबा, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण ज्यांचा दाखला वापरला, त्यांचा जबाब लागेल. त्यांना घेऊन या."

"त्यो न्हाई आता."

"मग कसं करायचं?" तो खरोखरच विचारत होता. 

मी वर्तमानपत्रात तीस वर्षे काढली. ही बातमी दोनदा लिहिली आणि दोनदा बाजूला ठेवली. पुरावा म्हणून घरच्यांच्या बोलण्यापलीकडे हातात काही नव्हते.

नाना गेले त्या सकाळी मी शहरातल्या माझ्या घरून संघटनेच्या अध्यक्षांना फोन करून सारी हकीकत सांगितली. ते स्मशानात आले, टोपी न घालता. "यादीत त्या नावापुढं मयत लिहिलंय. दुसऱ्यांदा कसं पुकारू?" एवढे बोलून ते शेवटपर्यंत लोकांत उभे राहिले. नाव कोणी पुकारले नाही.

काल गावी गेलो होतो. फलक नुकताच रंगवला आहे. एकूण एकतीस नावे आहेत. नवव्या ओळीत 'कै. दत्तात्रय' आहे. मारुती हे नाव फलकावर नाही.