अर्थाला शेपटी

तो शब्दकोश आमच्याकडं रद्दीत आला. नांदूरघाटात आमचं किराणा दुकान, पुड्या बांधायला रद्दी लागायचीच. पुठ्ठा गेलेला, पुढची पानं गेलेली, बाकी जाडजूड. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातल्या एका पानात जिरं बांधून दिलंसुद्धा. दुसरं पान फाडायच्या आत दादानं तो उचलला. दादा माझा थोरला भाऊ. त्यानं काही उचललं तर त्याला विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की आमचा खेळ चालायचा. एकानं कोशातून कुणालाच ठाऊक नसलेला शब्द काढायचा. बाकीच्यांनी त्याचा खोटा अर्थ बनवून चिठ्ठीवर लिहायचा. मग शब्द काढणाऱ्यानं खरा आणि खोटे सगळे अर्थ एका सुरात वाचून दाखवायचे आणि इतरांनी खरा ओळखायचा. आपल्या खोट्यावर कुणी विश्वास ठेवला की आपण जिंकलो. आईला लिहायचा कंटाळा, ती आपला अर्थ कानात सांगायची.

एकदा मी 'चाटी' हा शब्द काढला. दादानं लिहिलं, "गुरांना मीठ चाटवण्यासाठी गोठ्यात बसवलेली लाकडी फळी, विशेषतः पावसाळ्यात वापरतात." अप्पा लगेच म्हणाले, "हेच खरं हाय. आमच्या आज्ज्याच्या गोठ्यात व्हती." कोशातला अर्थ होता, कापड विकणारा व्यापारी. आई हसून हसून खाली बसली. अप्पांना हरल्याचं काहीच वाटलं नाही. "पण ह्याचं कसं पटतंय बघा," म्हणाले, "लई पुढं जातंय हे पोरगं."

मला मात्र दादाची खोड सापडली होती. कोश दोन-तीन शब्दांत अर्थ सांगून गप्प बसतो. दादाला तेवढ्यावर राहवायचं नाही. त्याच्या अर्थाला शेपटी फुटायची आणि ती बहुतेक वेळा 'विशेषतः'नं सुरू व्हायची. मी त्याला कधीच फसले नाही, म्हणून मी डावात असले की त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

पुढं दादा स्पर्धा परीक्षेची तयारी करायला पुण्याला गेला. इकडं मी बारावी सायन्सला चांगले मार्क पाडले आणि बीडला नर्सिंगला माझा नंबर लागला. अप्पा म्हणाले, "आधी त्याचं होऊ दे गं. घरात एक अधिकारी झाला की तुझं आपसूक होतंय." मी थांबले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तोवर मी साखर मोजत बसले, आणि दादाच्या खोलीचं भाडं दुकानातून वेळेवर जात राहिलं. मला रडू येत नव्हतं, राग येत होता.

मग एके दिवशी दादा न सांगता घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "झाली निवड. नायब तहसीलदार." अप्पांच्या हातातला घास ताटात पडला. दादा तेवढ्यावर थांबला असता तर मीही विश्वास ठेवला असता. पण तो पुढं बोलला, "मुलाखत घेणारे खूश झाले. विशेषतः खेड्यातून आलेला पोरगा म्हणून त्यांना माझं कौतुक वाटलं."

मी खरकटी ताटं घेऊन आईच्या मागं गेले. "आई, हे खरं न्हाई. दादा बनवून सांगतोय."

"कावून जळतीस गं भावावर?" आई म्हणाली. मी म्हटलं, मी त्याला ओळखते, पटत नसेल तर त्याला ऑर्डर दाखव म्हणावं. आईनं माझ्या हातातली ताटं ओढून घेतली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ऑर्डर बघायचा दम आमच्याकडं कुणाला असतो? तोंडी बातमी आली की डीजे ठरतो. चौकात दादाचा फ्लेक्स लागला, खाली शुभेच्छुकांचे फोटो दादापेक्षा जास्त. अप्पा कपिलधारच्या देवस्थानात पेढे ठेवून आले. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, जेसीबीच्या बकेटमधून झेंडूच्या पाकळ्या उधळल्या आणि सरपंचांनी फेटा बांधला. ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं होतं. टिळा लावताना दादा माझ्याकडं बघेना. मग हळूच म्हणाला, "तुझं नर्सिंग ह्या वर्षी नक्की."

शपथेवर सांगते, त्या वाक्याला शेपटी नव्हती. तेवढ्यापुरती मी फसले. घरी येऊन मी दाखला, मार्कमेमो, फोटो सगळं एका पिशवीत घालून ठेवलं.

अप्पा त्याला रुजू व्हायला सोडायला निघाले, नवी बॅग, नवे बूट घेऊन. बीडच्या स्टँडवर गाडी लागली तरी दादा चढेना. तिथंच फरशीवर बसला आणि निवड झालीच नाही म्हणाला. पूर्वपरीक्षासुद्धा तो कधी पास झाला नव्हता. दोघं परतीच्या गाडीनं घरी आले. बॅग अप्पांच्या हातात होती.

त्यानंतर घरात एकच गोष्ट चालली, पोराला कुणी काही बोलू नका. त्याला मऊ भात, त्याच्या उशाशी आई, त्याच्या खोलीबाहेर आवाज न्हाई. त्याचं दुःख खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण माझी पिशवी खुंटीला तशीच होती, तिच्याकडं कुणी बघितलं नाही. मी विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "आता आधी त्याला सावरू. तुझं राहू दे." आणि आई काय म्हणाली? "तुला कळलं व्हतं तर जरा ठासून सांगायचं ना." मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. ते तिला मारीन असं मला खरंच वाटलं.

दादा आता दुकानात गल्ल्यावर बसतो. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मागच्या आठवड्यात पालीहून पाहुणे आले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा मुलाचे मामा विचारत होते, बारावीला एवढे मार्क, मग पोरीला पुढं शिकवलं कावून न्हाई?

अप्पा कधीच हा खेळ जिंकले नव्हते. त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि जराही न अडखळता म्हणाले, "तिलाच आवड नव्हती हो. लहानपणापासून दुकानातच रमायची. विशेषतः वजनकाट्यावर बसायला तिला लई आवडायचं."

कोपऱ्यात बसलेल्या दादानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली. मामांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं.