पदर उजव्या खांद्यावर

बाबांनी जाण्याआधी आईसाठी एक निरोप दिला होता आणि तो मी तिला दिला नाही. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. निरोप एवढासाच होता. कळमेश्वरच्या त्यांच्या खोलीत खाटेवर बसून ते म्हणाले होते, "तुझ्या आईले म्हण, एकदा येऊन जाय. भांडायले आली तरी चालते."

कारखान्याच्या नोकरीसाठी म्हणून बाबांनी तिकडे खोली केली होती. आधी दर रविवारी प्रताप नगरच्या घरी यायचे, मग सणावारी, मग येणंच बंद झालं. नोकरी संपली तरी खोली सुटली नाही. प्रताप नगरहून कळमेश्वर ते असं कितीसं दूर! पण आई गेली नाही, बाबा आले नाहीत, आणि मध्ये ये-जा करणारा मी एकटा उरलो. परत आलो की "बरे आहेत" एवढं म्हणायचो. आई कधी विचारायची नाही, पण मी बोलेपर्यंत स्वयंपाकघरात भांडं वाजायचं नाही.

त्या दिवशी मी बाबांना "सांगतो" म्हणालो. ती नाही म्हणेल याची मला भीती नव्हती. ती उठून चपला घालेल याची होती. इतकी वर्षं तिची बाजू घेऊन मी बाबांशी तुटक वागलो, आणि तिनंच एका शब्दावर सगळं सोडून दिलं असतं तर मी कशासाठी तसा वागलो होतो? पुढच्या खेपेला सांगू, असं करत राहिलो. तेवढ्यात बाबा गेले.

यंदा मुलीनं पुण्याहून फोन केला. तिला तिच्या खोलीत आजी-आजोबांचा एकत्र फोटो लावायचा होता. "मस्त फ्रेम टाकून पाठवा न, पप्पा." एकत्र फोटो होता कुठे? लग्नातला होता तो वाळवीनं खाल्ला. मोबाइलमध्ये बाबांचा एक होता, निरोप दिला त्याच दिवशी मी काढलेला, दाराकडे बघताना. आईचा एक होता, भाचीच्या लग्नातला.

मी कॉम्प्युटरवर फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि जोडफ्रेम शोधायला बसलो. दोन अंडाकृती खिडक्या, भोवती सोनेरी वेल, एवढंच हवं होतं. पहिली फ्रेम उतरवली तर खिडकी आरपार नाहीच, पारदर्शक जागा दाखवणाऱ्या करड्या-पांढऱ्या चौकटीच तिथं छापलेल्या. दुसरीला झेंडूच्या माळा. आई चांगली चालती-फिरती, तिच्याभोवती माळा कशा घालू? तिसरीच्या खाली लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चमचमत होत्या. त्या पुसायला गेलो की वेलीची पानं जायची. फोटो फ्रेमच्या मागे सरकवावा तर गायबच व्हायचा, पुढे आणावा तर सगळी वेल झाकायची. कसंबसं जमलं आणि सेव्ह केलं, तर फुकटच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्या नावाचा शिक्का बरोबर आईच्या कपाळावर मारला.

"अहो, काय करून राहिले एवढं?" बायको म्हणाली. "सीताबर्डीत देऊन द्या न. तो फोटोचा दुकानवाला चहा येईपर्यंत करून देते."

"मले येते करता."

"दिसून राहिलं न, किती येते तं."

मी उगाच तिच्यावर खेकसलो. दुकानात दिलं असतं तर काम झालं असतं, हे मलाही कळत होतं. पण दुसऱ्याच्या हातून ते व्हायला नको होतं. निरोप पोचवला नाही, निदान दोघांना एका फ्रेममध्ये तरी मी बसवीन, असं काहीतरी डोक्यात होतं.

शेवटी दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, आणि दोघं बसली. बाबा डावीकडे, आई उजवीकडे. बाबा आईकडे बघत होते आणि आई पलीकडे, फ्रेमच्या बाहेर. किती सरकवलं, किती वाकडं केलं, तिचं तोंड काही इकडे येईना. मग एक बटन सापडलं. दाबलं, आणि आई गर्रकन फिरली. आता ती बाबांकडे बघत होती. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. खोटं सांगत नाही, मला वाटलं, निरोपाचं देणं फिटलं.

सीताबर्डीहून प्रिंट काढून आणली आणि आधी आईला दाखवली. ती ओट्यापाशी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. हात पुसून तिनं फोटो लांब धरला.

"हे कोन गुजरातीण बसवली गा तुझ्या बाबाजवळ?"

"आई, तूच आहे न."

"मी? माझा पदर या खांद्यावर कधी राहते?" तिनं आपल्या डाव्या खांद्यावरचा पदर चिमटीत धरून दाखवला. "अन् हा तीळ? हा काय रस्ता ओलांडून तिकडं गेला?"

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. इतके दिवस तिच्या चेहऱ्याभोवती वेली चिकटवत होतो आणि पदर दिसला नाही.

"काहून फिरवलं मले?"

"फ्रेममध्ये नीट बसत नव्हतं."

"मग त्याले फिरवायचं. मलेच काहून?"

ती फोटोकडे बघतच होती.

"एवढ्या वर्षांत एक निरोप नाही धाडला या मानसानं," ती म्हणाली, "अन् इथं पाहा कसा पाहून राहिला माझ्याकडं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. म्हणालो काय, तर "दुसरी प्रिंट काढून आणतो."

"आण," ती म्हणाली आणि सांबाराकडे वळली.

मी आईला पुन्हा सरळ केलं. पदर डाव्या खांद्यावर, तीळ जागेवर, तोंड बाहेर. तोच फोटो पुण्याला गेला. मुलीला फ्रेम आवडली.

बाबांनी आईला बोलावलं होतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.