तीन पॉइंट सहा फॅट

सेलूजवळच्या आमच्या गावातल्या डेअरीत कम्प्युटर आला आणि मायचे दिवस फिरले. तोवर डेअरीचे सचिव हाताने दुधाची फॅट काढायचे. आता मशीन मोजायचं आणि कम्प्युटर निकाल द्यायचा. भिंतीवर पाटी होती, गाईच्या दुधाला किमान ३.६ फॅट. आमच्या जर्सीचं दूध नेमकं तिथेच अडायचं. चिठ्ठीवर ३.६ छापून यायचं आणि त्याखाली 'परत'.

परत म्हणजे काय, ते रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आपलं दूध आपल्याच बादलीत ओतून घ्यायचं आणि सगळ्यांसमोरून घरी न्यायचं. बाया एकमेकींना कोपर मारायच्या. बाबा गेल्यापासून मायजवळ एक गाय आणि इज्जत, एवढंच होतं. पाटीवर तेच, चिठ्ठीवर तेच, मग परत काऊन, असं ती सचिवांना विचारायची. कम्प्युटर खोटं बोलत नाही, म्हणायचे. मेला तो कम्प्युटर!

मी तेव्हा वर्ध्याला खोली करून कम्प्युटरचाच क्लास करत होते. रविवारी घरी गेले की माय समोर येऊन बसायची.

"तू शिकून राह्यली ना, मंग त्याले सांगजो, मी पाणी नाई टाकत म्हणून."

काय सांगणार, कपाळ? आणि ती तोवर गाईची सरकी वाढवत चालली होती. सरकीने फॅट चढते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. स्वतः चटणी-भाकर खायची आणि गाईपुढे टोपलं भरून ठेवायची. इतकी नको घालूस म्हटलं, तर ऐकलंच नाही. आणि चिठ्ठीवरचा आकडा तरी ३.६च्या वर सरकेना.

मग क्लासमध्ये सरांनी टेबल बनवायला शिकवलं. आकड्याचा रकाना 'सिंगल' ठेवला तर कम्प्युटर अपूर्णांक अंदाजे साठवतो, म्हणाले. दहाला तीनने भागलं की भागाकार संपत नाही, तसा त्याच्या हिशेबात ३.६ संपत नाही, कुठेतरी तोडावा लागतो. जिथे आकडा तंतोतंत हवा, तिथे 'डेसिमल' घ्या. मला मायची चिठ्ठी आठवली.

मी सचिवांच्या हातापाया पडले. नागपूरच्या माणसाने बसवलंय, हात लावायचा नाही, म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, रडले, भांडले. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी वैतागून म्हणाले, बस बाई, मोडलं तर तू जाण.

टेबल उघडलं. फॅटचा रकाना सिंगल. मायच्या आकड्याचे मागचे दशांश काढले, तर ३.५९९९९९९. छापताना मेला गोल करून ३.६ छापत होता आणि पाटीशी ताडताना कमी धरत होता. मी रकाना डेसिमल केला, मायचा आकडा परत टाकला. 'पास' आलं. मी धावतच घरी सुटले.

गाय गोठ्यात आडवी पडली होती, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. पहाटे मायने आणखी एक टोपलं चारलं होतं. सेलूहून गुरांचा डॉक्टर येईपर्यंत गाईने मान टाकली.

माय तिच्या गळ्याशी बसून होती. मी तिला सांगितलं, की दूध बरोबर होतं माय, पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, चूक कम्प्युटरची होती.

तिने वर पाहिलं.

"मंग मी तिले एवढं काऊन चारलं?"