नरसय्या मास्तरांच्या भिंती

सातवीच्या वर्गावर माझा चित्रकलेचा तास चालू होता, तेव्हा मास्तरांच्या पत्नीचा, यशोदम्मांचा फोन आला. एरवी तासाला मी फोन घेत नाही. पण त्या कधीच फोन करत नसत, म्हणून वऱ्हांड्यात जाऊन घेतला. "सुनंदम्मा, मास्तर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले, ते बसूनच राहिले... मी वर्गात परत आले. मुली पाण्याने भरलेल्या वाट्यांमध्ये ब्रश बुडवत होत्या, एकीचं झाड अर्धं राहिलं होतं. मी घंटा होईपर्यंत थांबले. अर्धं चित्र टाकून उठलेलं मास्तरांना आवडायचं नाही, मग ते कुठल्याही कारणाने का असेना. त्याला आता दीड महिना झाला.

नरसय्या मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. सोलापूरच्या पूर्व भागात चादरींच्या कारखान्यात ते नक्षी काढायचे. आलेखाच्या कागदावर, एकेका बारीक चौकोनात रंग भरून ते मोर, कमळ, वेलबुट्टी उतरवत, आणि त्यांच्या कागदाबरहुकूम मागावर चादर निघे. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्यांचं काम गेलं. त्याबद्दल त्यांनी कधी त्रागा केलेला मी ऐकला नाही. "आता चौकोन मोठे करू की," म्हणाले, आणि आमच्या वस्तीत आले.

आमचं कुटुंब मूळचं केम गावचं. वडील शहरात येऊन रिक्षा चालवू लागले आणि आम्ही या वस्तीत राहायला आलो. वस्तीच्या तोंडाशी एक लांबलचक कुंपणाची भिंत होती. पानाच्या पिचकाऱ्यांनी ती खालपासून कमरेपर्यंत लाल झालेली. मी तेव्हा नववीत होते. मास्तरांनी आम्हा सात-आठ मुलींना गोळा केलं आणि ही भिंत आपण रंगवायची म्हणून सांगितलं. वस्तीतल्या लोकांना विचारलं, काय काढू? बहुतेकांचं एकच म्हणणं, देव काढा, म्हणजे कोणी थुंकणार नाही. मास्तर हसले. "देवाला राखणीला कशाला बसवायलास? आपली माणसं काढू. ओळखीच्या तोंडावर कोण थुंकतंय ते बघू."

मग भिंत घासली, चुना दिला आणि निळीत बुडवलेला दोरा आला. एका टोकाला एक मुलगी, दुसऱ्या टोकाला दुसरी. दोघींनी ताणून धरायचा, मास्तरांनी मधोमध चिमटीत धरून सोडायचा. फट्कन आवाज होई आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उमटे. अशा उभ्या-आडव्या रेघांनी अख्खी भिंत आलेखाचा कागद झाली. मग वहीतल्या चित्राचा एक चौकोन बघायचा आणि भिंतीवरच्या एका चौकोनात तो मोठा करून काढायचा. "अख्खं चित्र बघू नको, घाबरशील. तुझा चौकोन बघ." मी शिडीवर चढले की खालून आई ओरडायची, "आगं, पडशील की! पोरीच्या जातीनं भितीवर चढून काय करायचं हाय?" मास्तर तिला शांतपणे म्हणत, "अक्का, शिडी मी धरलोय." आणि खरंच, मी वर असेपर्यंत ते शिडी सोडत नसत.

माझ्या वाट्याला राजव्वा आली होती. आमच्या गल्लीच्या टोकाला उंबऱ्यात बसून विड्या वळणारी म्हातारी. मी मन लावून तिचा चेहरा काढला. सुरकुत्या कमी केल्या, पडलेले दात बसवले, केस काळे केले. मला वाटलं, खूश होईल. राजव्वा आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे कोन? माझी सून हाय का?" सगळे हसले. मला रडू फुटलं.  दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन राजव्वाच्या उंबऱ्याशी गेले. "इथं बस आठ दिवस. काढायचं नाही, नुसतं बघायचं." मी बसले. तेंदूचं पान कातरणं, चिमूटभर तंबाखू, अंगठ्याची ती एक लहानशी गिरकी, दोरा... बोलता बोलता तिचे हात आपोआप चालत. तिसऱ्या दिवशी मला तिची बोटं दिसायला लागली. वाकडी, टोकाशी पिवळी पडलेली. पाचव्या दिवशी ती मला तिच्या मेलेल्या मुलाबद्दल सांगत होती आणि हात तेव्हाही थांबले नव्हते. आठ दिवसांनी मी भिंतीवरचा तो चेहरा स्वतःच्या हाताने पुसला आणि नवा काढला, विड्या वळणाऱ्या हातांसकट. या वेळी राजव्वा जवळ गेली आणि चित्रातल्या हातावर आपला हात ठेवला. मागे उभे असलेले मास्तर तेलुगूत म्हणाले, "बागुंदी." छान झालंय. त्यांच्या तोंडून हा शब्द वर्षातून एक-दोनदाच निघत असे.

त्या भिंतीवर नंतर कोणी थुंकलं नाही. मी मात्र त्या भिंतीमुळे चित्रकलेच्या डिप्लोमाला गेले. घरात विरोध होता. मास्तर आमच्या घरी येऊन चटईवर बसले, वडिलांशी रिक्षाच्या टायरबद्दल अर्धा तास बोलले आणि उठता उठता म्हणाले, "पोरगी शिकंल. मी सांगतो." एवढ्यावर वडील तयार झाले.

माझं शिक्षण संपत आलं तेव्हा रस्ता रुंद होणार असल्याची बातमी आली. भिंतीवर लाल फुल्या पडल्या, त्यातली एक थेट राजव्वाच्या कपाळावर. राजव्वा तेव्हा हयात नव्हती. मी पेटून उठले. सह्या गोळा केल्या, मैत्रिणींना घेऊन भिंतीपुढे बसायचं ठरवलं आणि मास्तरांना बोलवायला गेले. ते म्हणाले, "मी येत नाही, सुनंदम्मा. रस्ता पाहिजे. राजव्वाला बाजेवर घालून चौकापर्यंत नेलं होतं, विसरलीस? दवाखान्याची गाडी आत येऊ शकली नाही." हे खरं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "तुम्ही भित्रे आहात, मास्तर." यशोदम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मास्तरांनी मान खाली घातली. मी निघून आले.

भिंत पडली. मी त्या दिवशी तिकडे फिरकले नाही. पुढची दोन वर्षं मी मास्तरांकडे गेले नाही. त्यांचा निरोप दोनदा आला, तरी गेले नाही. मला शाळेत नोकरी लागली, तेही त्यांना दुसऱ्याकडून कळलं. मग एकदा जेवताना आई सहज बोलून गेली, "म्हातारा लई चिकट हाय बग. तुज्या बाच्याच रिक्षानं कचेरीत जायचा की. साहेबाच्या दाराम्होरं बाकावर बसून ऱ्हायचा, दोन-दोन म्हयने."

"कशासाठी?"

"दुसरी भित मागाया. पोरींसाठनं."

वडील ताटाकडे बघत म्हणाले, "तुला सांगू नको म्हनला हुता. लेटर हातात पडूस्तवर."

परवानगीचं ते लेटर आता हातात पडलं होतं. नव्या रस्त्याच्या कडेला बांधलेली मातीला आधार देणारी भिंत, पहिल्यापेक्षा लांब. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेले. नव्या मुली होत्या, चुना वाळत होता. मास्तर निळीची वाटी घेऊन उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते. पण मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोऱ्याचं टोक पुढे केलं आणि म्हणाले, "धर. ताणून धर, ढिला सोडू नको." मी धरलं. पहिली रेघ उमटली.

त्यानंतर बारा वर्षं आम्ही बरोबर काम केलं. शेवटच्या तीन वर्षांत त्यांची नजर जवळजवळ गेली. तरी खुर्ची टाकून भिंतीसमोर बसत आणि मुलींना विचारत, "काय काढायलीस? सांग." मुलगी म्हणायची, "आजी." "कुठली आजी? काय करायलीय? हात कुठंयत तिचे?" त्यांना सांगता सांगता मुलीला आपली चूक आपोआप कळायची आणि ती पुसायला घ्यायची.

जाण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांच्याकडे गेले होते. इतकी वर्षं न बोललेलं बोलून टाकलं. म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला भित्रे म्हणाले होते."

"भीत होतोच की," ते म्हणाले. "राजव्वाचा चेहरा पडताना बघावं लागंल म्हणून. तरी गेलो होतो. कोणीतरी ओळखीचं पाहिजे होतं ना तिथं..." मग यशोदम्मांना म्हणाले, "चहा टाक." विषय तिथेच संपला.

परवा दसऱ्याच्या आधी यशोदम्मांनी मला बोलावून घेतलं. "घराला रंग द्यायचाय. बाहेरच्या माणसाला सांगू वाटत नाही." मास्तरांची ती बाहेरची खोली. इतकी वर्षं जाऊनही मी ती नीट पाहिली नव्हती. इतक्या भिंती रंगवलेल्या माणसाच्या घरात एकही चित्र नाही. पण पलंग सरकवला, तर त्याच्या मागे गुडघ्याएवढ्या उंचीवर तेलखडूच्या रेघोट्या होत्या. लाल, हिरव्या, एक वाकडा गोल, त्याला चार पाय. त्यांची मुलगी तीन वर्षांची असताना काढलेलं ते काहीतरी. ती आता हैदराबादला असते, तिची मुलं कॉलेजात आहेत. "दर वर्षी स्वतःच रंग द्यायचे," यशोदम्मा म्हणाल्या, "तेवढं सोडून. दिसंना झालं, तर मला बोट धरून कडेनं फिरवायला सांगायचे. कुठपर्यंत आहे ते सांग म्हणायचे." त्या रेघोट्यांभोवती चाळीसेक वर्षांच्या रंगाचे थर चढून एक कड तयार झाली होती, बोटाला लागेल इतकी जाड.

मी पदर खोचला, बारीक ब्रश घेतला आणि खाली बसले. यशोदम्मा शेजारी बसल्या. दोघी मिळून त्या कडेकडेने हळूहळू रंग देत गेलो. त्या वाकड्या गोलाच्या चौथ्या पायापर्यंत कुठेही रंग आत गेला नाही.