अख्ख्या शहराने ओरडलेली माझी हाक

मिलिंद गेल्याचं मला डॅनकडून कळलं. डॅन माझ्या धाकट्या भावाच्या बँडचा ड्रमर. मेलबर्नचा दुसरा लॉकडाऊन चालू होता, मी पॉइंट कुकच्या घरात किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मिलिंदला ट्रुगानिनाच्या घरी हार्ट अटॅक आला, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं डॅन फोनवर रडत रडत सांगत होता. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेला ईमेल पूर्ण केला. आम्ही बहीणभाऊ चार वर्षं बोललो नव्हतो. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे, म्हणजे त्याच्याकडेही, जायला बंदी आली तेव्हा मला ती सोयीचीच वाटली होती... गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. सहा आठवडे प्रयत्न केला. जमत नाही, म्हणून जे झालं ते लिहिते.

मेलबर्नच्या क्लेटन भागात मी आधी आले, दोन वर्षांनी त्याला आणलं. मी एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, शिफ्ट करायची. तो युनिव्हर्सिटीत कमी आणि आमच्या भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये जास्त असायचा. तो, डॅन आणि आणखी दोघं. तीन कॉर्ड्स, खरखरणारा अॅम्प्लिफायर, आणि जितकं मोठ्याने तितकं चांगलं, अशी त्यांची समजूत. मला ते संगीत तेव्हा आवडलं नाही, आजही आवडत नाही. शेजारी माझ्याकडे तक्रार करायचे, माफी मी मागायची, आणि हा मात्र ‘नो वरीज, ताई’ म्हणून पुन्हा गिटार उचलायचा. अशाच एका दुपारी अमरावतीहून मामाचा फोन आला. आई गेली होती. मामाचं पुढचं बोलणं गॅरेजमधल्या दणदणाटात ऐकूच येईना. मी फोन हातात घेऊन धावले, दार उघडलं आणि किंचाळले, “बंद कर! बंद कर!”

त्यांचं रेकॉर्डिंग चालू होतं.

वर्षभराने कळलं की त्याने माझी किंकाळी गाण्यात तशीच ठेवली आहे. मराठी कुणाला कळणार? गोऱ्या पोरांना ते ‘बंकर’ ऐकू आलं, गाण्याचं नावही तेच पडलं. पबपुरतं राहील म्हणून मी गप्प बसले. मग शहराच्या क्रिकेट टीमच्या मॅचला कुणीतरी विकेट पडल्यावर ते लावलं आणि स्टँडमधले लोक माझ्या आवाजात आवाज मिसळून ओरडले. पुढच्या सीझनपासून प्रत्येक विकेटला तेच. टी-शर्ट निघाले. ट्रॅममध्ये पोरं ओरडू लागली. एकदा गाडीत मागच्या सीटवरून माझी लेक ते गायला लागली. मी गाडी थांबवून तिला गप्प केलं, तर म्हणाली, “मम, इट्स जस्ट अ साँग.” आई गेली त्या क्षणाची माझी हाक, आणि अख्खं शहर तिच्यावर बिअर सांडत नाचत होतं.

त्याच संध्याकाळी मी ट्रुगानिनाला गेले. तो गिटारच्या तारा बदलत बसला होता.

“माझा आवाज काढून टाक,” मी म्हटलं.

“ताई, तो काढला तर गाणंच उरत नाही.”

“ती आई होती, मिलिंद.”

“माझीपण होती,” तो म्हणाला आणि तार पिळत राहिला. त्याने वर पाहिलं असतं तर कदाचित मी थांबले असते. नंतर मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की याने आईच्या मरणाचा तमाशा केला. त्याने कुणाकडेही स्वतःची बाजू मांडली नाही. त्याचाही मला रागच आला.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. मास्क लावून, अंतर ठेवून उभे. भंतेजींनी झूमवरून वंदना घेतली. बँडच्या पोरांना शेवटी ते गाणं लावायचं होतं. मी नाही म्हटलं, आणि त्यांनी ऐकलं. पार्किंगमध्ये डॅनने माझ्या हातात एक हार्ड डिस्क दिली. मिलिंद हे तुझ्यासाठी करत होता, एवढंच म्हणाला. दहा दिवस मी ती गाडीच्या कप्प्यातून काढली नाही.

तिच्यात एकाच गाण्याच्या तेहतीस फायली आहेत. नावं : ‘ताईशिवाय १’, ‘ताईशिवाय २’... आमचं भांडण झालं त्या आठवड्यात सुरुवात केलेली. माझ्या हाकेच्या जागी तो स्वतः ओरडलाय. पहिल्यात चक्क नाटकी. नवव्यात मध्येच हसू फुटलंय, मग त्याने स्वतःलाच शिवी दिलीये. चौदाव्यात घसा बसलाय. आतापर्यंत ऐकलेलं एकही जमलेलं नाही. माझ्या आवाजाशिवाय गाणं उरत नाही, हे मिलिंद म्हणाला ते खरं होतं, आणि हे मला आता कळावं याचा मला संताप येतो.

लॉकडाऊनमध्ये व्यायामाला मिळणाऱ्या एका तासात मी गाडी घेऊन खाडीपाशी जाते, काचा वर करते आणि एक फाईल ऐकते. काल बावीस नंबर ऐकली. तिच्यात तो त्या शब्दापर्यंत येतो आणि ओरडतच नाही. ड्रम पुढे निघून जातात, गिटार थांबते, आणि माइकपाशी कुणीतरी बराच वेळ नाक ओढत राहतं...

अजून अकरा आहेत. दिवसाला एकापेक्षा जास्त मी ऐकत नाही.