दोन्हीकडून कोरलेला बांध

बांध कोरण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. तलवाड्याजवळचं आमचं रान उताराचं. वरचा तुकडा माझा, खालचा चुलत भावाचा, त्याच्याखाली ओढा. मधला बांध आजोबांनी घातलेला, बैलगाडी जाईल एवढा रुंद. नांगरट आली की मी ट्रॅक्टरवाल्याला हळूच सांगायचो, "जरा खेटून घे." वीतभर रान वाढलं की मला तालुका जिंकल्यासारखं वाटायचं.

बांधावरच्या बोरी गेल्या, गवत गेलं, गाडीवाट गेली. शेवटी तिथून तारेवर चालल्यासारखं चालावं लागे. तरी मी वीतभर कोरतो आणि बांध दोन विती कसा झिजतो, हा हिशेब माझ्या टाळक्यात शिरला नाही.

यंदा परतीच्या पावसात वरच्या रानांचं सगळं पाणी बांधाला येऊन थटलं आणि बांध पापडासारखा मोडला. जाऊन बघतो तर माझ्या तुरीत मुरूम उघडा पडलेला. काळी माती खतासकट भावाच्या कापसात जाऊन बसलेली. तुरीची चार झाडं तर तिथं पाहुण्यासारखी ऐटीत उभी होती.

"माझी माती दे," मी भावाला म्हणालो.

"ने की. टोपलं आणलं का?"

"बांध कावून कोरलास तू?"

"आन् तू काय त्याची पूजा करत व्हतास बे?"

 मागून आलेली बायको मधे पडली. "आवो, ऱ्हायलेली माती तरी वाचवा. फुडच्या साली मुरमात काय पेरता, खडे?"

नवा बांध कुणाच्या रानातून घालायचा, यावर पुन्हा जुंपली. पण माती जात होती माझी आणि येत होती त्याच्याकडं. हे त्याला माझ्याआधी कळलं. "मला न्हाई घाई. वाहू दे," म्हणत तो निवांत तंबाखू मळत बसला.

बांध माझ्या रानातून गेला. आजोबांच्या बांधापेक्षा हातभर रुंदच. कोरलेलं सगळं गेलं, वर माझं स्वतःचंही थोडं गेलं.

आता नांगरटीला आम्ही दोघंही बांधावर ठाण मांडून बसतो. तो माझ्यावर लक्ष ठेवतो, मी त्याच्यावर. चहा माझ्या घरून येतो, आणि त्याला साखर लई लागते.